आवडी हयात आहे

भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या आणि कापडे गावच्या खाचरांतून वालाची रोपं वर आली होती. आवडी मागल्या पडवीत बसून कुळीथ निवडत होती. कुळीथ पेरायचा होता, म्हणून तो तिच्या हाती आला होता. शिजवायचा असता तर आला नसता. घरात कुणी तसा नियम बोलून दाखवला नव्हता. पण मुंबईच्या इस्पितळातून आल्यापासून चुलीजवळची कामं एकेक करून तिच्या हातून निघून गेली होती आणि तिच्याकडे उरली होती ती शेरडं, शेण, अंगण आणि बियाणं.

"तुला आराम पायजे," सासू चंद्राबाई म्हणायची. शेणाची पाटी उचलायला मात्र तिला कुणी आराम सांगत नसे.

आवडीच्या डाव्या छातीत गाठ आली, तेव्हा तिचा नवरा मुरारी संपात गिरणी सुटून नुकताच गावी परतला होता. मुंबईची माहिती होती म्हणून तोच तिला तिथल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथं तिची छाती काढली. मग कितीतरी दिवस शेक देण्यासाठी तिला एका यंत्राखाली निजवत. "गळू होतं, काढून टाकलं," असं मुरारीनं तिला सांगितलं आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं. नवरा रडतोय हे तिला दिसलं होतं. गळवासाठी पुरुष कशाला रडेल, हा विचार तेव्हापासून तिच्या मनात ठाण मांडून बसला होता.

घरी आल्यावर तिचं ताट वेगळं झालं, मग पेला वेगळा झाला. ती दोन्ही पडवीतल्या कोनाड्यात राहू लागली. अंथरूण मागं आलं. लेक जानकी सतराची झाली होती. रोज सकाळी आईपुढं बसून वेणी घालून घ्यायची. आता तिची वेणी आजी घाले. आवडी माजघरात पाय ठेवी तेव्हा चाललेलं बोलणं थांबे आणि कुणीतरी एकदम शेरडांचं किंवा पाण्याचं काहीतरी काढी. पुढं पुढं ती उंबऱ्याशी येण्याआधी मुद्दाम थबकू लागली आणि कान देऊ लागली. पूर्वी ती अशी नव्हती.

त्या सकाळी पोलादपूरच्या एस्टीतून उतरून एक बाई वाट विचारत घरापुढं आली. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, वय पन्नाशीच्या आतबाहेर.

"आवडीबाई इथंच राहतात का?"

चंद्राबाई पुढं झाली. "कोन तुमी? कुठनं आलाव?"

"महाडहून आले. मला गीताबाई म्हणतात. शाळेत शिकवत होते, आता मुंबईच्या इस्पितळाच्या एका कामावर आहे. तिथं उपचार झालेल्या बायकांना भेटून थोडे प्रश्न विचारायचे असतात."

प्रश्न हा शब्द ऐकून घरातली तिन्ही मोठी माणसं सावध झाली, पण प्रत्येकाची भीती निराळी होती. चंद्राबाईला आणीबाणीच्या साली असेच कागद घेऊन आलेले नसबंदीवाले आठवले. मुरारीला वाटलं, ही वरंधवाल्यांनी पाठवलेली असणार; वरंधच्या एका घराशी जानकीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि तिकडची माणसं चौकशी करतायत असं कानावर आलं होतं. आणि पडवीच्या दाराशी उभ्या असलेल्या आवडीची भीती वेगळीच होती. तिचा उजवा हात आपोआप उरलेल्या छातीवर गेला. ही दुसरी बाजू कापायला न्यायला आली, असं तिला वाटलं.

गीताबाईंनी ओटीवर बसून कागद काढले आणि समजावून सांगितलं. आजाऱ्याची जखम भरली, गाठ गेली, एवढ्यावर डॉक्टर समाधान मानत; पण तो माणूस पुढं जगतो कसा, झोपतो का, हसतो का, घरात रमतो का, हे कुणी विचारत नसे. ते विचारण्यासाठी परदेशात काही प्रश्न तयार झाले होते. आता ते मराठीत आणले होते. आपल्याकडच्या बायकांना ते कळतात का, त्यांतून खरी हालत उतरते का, हे आधी पारखून घ्यायचं होतं. त्यासाठी पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन तेच प्रश्न विचारायचे होते.

"तेच पुन्हा कशाला?" मुरारी म्हणाला. "आमी पैल्यांदा खोटं बोलू असं वाटतंय?"

"शंका तुमच्यावर नाही, प्रश्नांवर आहे. माणसाची हालत तीच असताना उत्तर फिरलं, तर प्रश्नात खोट आहे असं धरतात."

मुरारीला ते पटलं नाही. पण इस्पितळाच्या माणसाला परत पाठवायची त्याची हिंमत झाली नाही. तो ओटीच्या कडेला बसला, चंद्राबाई दाराला टेकली आणि आवडीला मधे खांबाजवळ बसवलं.

"गेल्या आठवड्यात दुखण्यामुळं तुमची झोप मोडली का? अजिबात नाही, थोडी, बरीच, का फार?"

"झोप चांगली लागते तिला," मुरारी म्हणाला.

आवडीनं त्याच्याकडं पाहिलं. तो पुढच्या ओटीवर झोपत होता आणि ती मागल्या पडवीत. त्याला कसं कळलं असेल?

"जेवण जातं?"

"चांगली जेवते की," चंद्राबाई म्हणाली.

"मन निराश होतं का?"

"निरास म्हंजे?" आवडीनं प्रथमच तोंड उघडलं.

गीताबाईंनी कागदावर कडेला काहीतरी लिहिलं. "जीव उबगतो का? कशात लक्ष लागत नाही, काही नकोसं वाटतं, असं होतं का?"

आवडीचे ओठ हलले. तेवढ्यात मुरारी म्हणाला, "तसं काय नाय. लिवा, नाय."

"उत्तरं यांनीच द्यायची आहेत."

"ती नि मी काय येगळी हाव का, बाई?"

गीताबाई पुढचे प्रश्न वाचत राहिल्या. घरच्या माणसांत वावरताना अडचण येते का, आपल्याला कुणी टाळतं असं वाटतं का, पुढच्या दिवसांची काळजी वाटते का. सगळ्याला नाय, नाय, नाय अशी उत्तरं पडत गेली. नवरा-बायकोच्या संबंधांविषयी एक प्रश्न होता, तो त्यांनी सासूसमोर वाचलाच नाही. शेवटी कागद गुंडाळताना त्यांनी सहज विचारलं, "तपासणीला येणं का बंद केलंत? गोळ्याही नेल्या नाहीत."

"डाक्टरच म्हनले, आता गरज नाय," मुरारी घाईनं बोलला.

गीताबाईंनी मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं आवडीनं टिपलं.

उन्हातून आलेल्या बाईंनी पाणी मागितलं. चंद्राबाईनं लगेच हालचाल केली नाही. "तुमचं आडनाव काय म्हनलात?"

"आम्ही बौद्ध आहोत," गीताबाई सरळ म्हणाल्या. असं आडवळणानं विचारणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

चंद्राबाईनं सुनेला डोळ्यांनी खूण केली. आवडी उठली, पडवीतल्या कोनाड्यातला पेला विसळून भरून घेऊन आली. गीताबाईंनी पेला हाती घेतला. त्याला पोचा पडलेला होता आणि बाकीच्या लखलखीत भांड्यांत त्याची जात वेगळी दिसत होती.

"हा आमच्यासाठी वेगळा ठेवलाय का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाय," आवडी म्हणाली. "माज्यासाठी."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आवडीला आठवलं, लग्न होऊन आली तेव्हापासून बौद्धवाडीतलं कुणी अंगणात आलं की आपण वरून पाणी ओतत आलो. कधी त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नव्हतं. गीताबाईंनी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

त्या निघाल्या तशी आवडी शेरडं बघायच्या निमित्तानं कुंपणापर्यंत गेली.

"बाई, तुमच्या कागदात सारखं आजार आजार येतंय. आजार कोनचा? मला तर गळू झालतं."

गीताबाई थबकल्या. मागं दारात मुरारी उभा होता. कामावर घेताना डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, की रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. घरच्यांनी आजाऱ्यापासून लपवलेलं असतं, ते आपण उघड करायचं नाही.

"पुढच्या वेळी बोलू आपण," त्या म्हणाल्या आणि नजर खाली घालून वाटेला लागल्या.

म्हणजे ही पण त्यांच्यातलीच, असं आवडीनं ठरवून टाकलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी वरंधची माणसं जानकीला बघायला यायची होती. सकाळीच चंद्राबाई म्हणाली, "आवडे, तू आज माळावरच्या खोपटात बस. घरात मानसांची गर्दी व्हनार, तुला सोसायचं नाय. शेरडं पन तिकडंच घे."

लेकीला बघायला येणार आणि आईनं माळावर बसायचं? आवडीनं मुरारीकडं पाहिलं. तो बैलाच्या गळ्यातली दोरी सोडण्यात फार गुंतला होता. ती शेरडं घेऊन गेली. पण दुपारी तिनं कोयता विसरला असं स्वतःलाच सांगितलं, आणि मागल्या बाजूनं घराकडं आली.

कुडाच्या भिंतीपलीकडं कपबशा वाजत होत्या. मुलाचे चुलते हैबती बोलत होते, आवाज जाड आणि सावकाश.

"पोरगी पसंत हाय आमाला. पोरीची आय दिसत नाय ती?"

आतलं सगळं थांबलं. मग मुरारीचा आवाज आला.

"ती नाय. वारली. दोन वर्सां झाली."

"अरेरे. कशानं?"

"तापानं."

आवडीनं भिंतीला हात लावला. सारवलेली माती थंड होती. फटीतून तिला जानकी दिसत होती, पाटावर बसलेली, नवीन चोळी, मान खाली. आता पोर काहीतरी बोलेल, निदान मान तरी वर करेल, म्हणून ती बघत राहिली. जानकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

दिवेलागणीला ती शेरडं घेऊन परतली, तेव्हा तिनं लेकीला पडवीत गाठलं.

"काय इचारलं गो त्यांनी?"

"काय नाय. शाळा किती शिकली, भातलावनी येते का, असंच."

"माजं काय इचारलं?"

जानकी ताट ठेवायला वाकली होती. तिनं ते कोनाड्याजवळ ठेवलं, हात लागणार नाही असं थोडं दूर. "नाय. तुजं काय नाय इचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून आवडीला कशाचाच भरवसा वाटेना. ताटातली भाकरी ती मोडून बघायची. सासूनं नुसती हाक मारली तरी ती दचकायची. मेलेल्या माणसाला घरात किती दिवस ठेवतात, आणि मग काय करतात? आपल्याला कुठं नेऊन सोडतील, का आपणहून मरायची वाट बघतील? काखेत तिला एक बारीक गाठ लागत होती, पावसाळ्यापासून. ती कुणाला सांगावी अशी माणसं आता घरात उरली नव्हती. रात्री ती गाठ बोटानं चाचपायची आणि उजाडलं की पाटी उचलायची.

लग्नाची सुपारी फोडायचा दिवस ठरला, आणि तिला पुन्हा खोपटात जायला सांगितलं. या वेळी कारण सांगायची तसदीही कुणी घेतली नाही. नेमक्या त्याच दिवशी गीताबाई ठरल्याप्रमाणं दुसऱ्यांदा आल्या. चंद्राबाईनं त्यांना अंगणातच अडवलं.

"आवडी माहेरी गेली. पाचाडला. महिनाभर येनार नाय."

अंगण सारवलेलं होतं, ओटीवर सतरंजी पसरली होती. आजाऱ्या सुनेला शुभकार्याच्या तोंडावर माहेरी पाठवतात, हे गीताबाईंना खरं वाटेना. त्या परत फिरल्या आणि बांधावरून जाताना त्यांना वर माळावर शेरडं दिसली आणि शेरडांजवळ बसलेली बाई दिसली.

खोपटाच्या सावलीत दोघी बसल्या. आवडी बराच वेळ बोलली नाही. बाईंनी कागद काढले, तसा तिनं त्यांवर हात ठेवला.

"आदी माज्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. मंग तुमचे इचारा. मला काय झालतं?"

गीताबाईंनी दरीकडं पाहिलं. नाव सांगितलं तर काम जाण्याची भीती होती. पण त्यांना याहून वेगळीच गोष्ट टोचत होती. आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं त्या गावोगाव विचारत हिंडत होत्या आणि आजार कुठला हेच बायकांना ठाऊक नव्हतं. असल्या उत्तरांतून कुणाची हालत कळणार होती?

"कॅन्सर," त्या म्हणाल्या. "छातीचा कॅन्सर झाला होता तुम्हाला. वेळेवर काढला. पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या होत्या आणि तपासणी होती. ती बंद करा असं कुणी डॉक्टर म्हणालेले नाहीत. आणि हा शिवल्यानं लागत नाही, आवडीबाई. एका ताटात जेवल्यानं लागत नाही. लागत असता तर तिथल्या नर्सा कधीच मेल्या असत्या."

आवडी रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं मोठा श्वास सोडला.

"मी म्हनत व्हते मला खूळ लागलं," ती म्हणाली. "समदे लपवतात असं वाटायचं. मंग खरंच लपवत व्हते."

मग तिनं सांगितलं. खाली घरात तिला मेलेली ठरवलं होतं ते, लेक पाटावर गप्प बसली होती ते, आणि काखेतल्या गाठीचंही. गीताबाईंनी गाठीला हात लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "मुंबईला जायला हवं. उशीर करून चालायचं नाही."

"जाईन. पन तुमचं इचारून घ्या आदी."

गीताबाई वाचत गेल्या. झोप मोडते का? बरीच. जीव उबगतो का? फार. नवऱ्याशी संबंधांचा प्रश्न त्यांनी या वेळी वाचला. आवडी म्हणाली, "शिवत नाय. रडतो, पन शिवत नाय." घरच्यांत वावरताना अडचण येते का?

"बाई, यात मेल्याचं काय घर हाय का? अजिबात नाय, थोडं, बरंच, फार. मेलेली असं कुठं लिवाल?"

गीताबाईंनी पेन खाली ठेवलं.

आवडी उठली. तिनं पदर झटकला, कासोटा नीट केला. बाई बरोबर यायला उठल्या, तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. "तुमी नको. तुमी आलाव तर म्हनतील, यांनी शिकवलं. शेरडं बघा जरा."

ती पुढच्या दारानं गेली. कित्येक महिन्यांत ती त्या दारानं गेली नव्हती. ओटीवर वरंधची माणसं बसली होती, हैबती मधोमध, त्यांच्या बाजूला मुलाची आई रंगूबाई. तबकात सुपारी होती. चंद्राबाई दारातून धावतच पुढं आली.

"ही आमची लांबची," ती पाहुण्यांना म्हणाली. "डोक्यानं जरा..."

आवडीनं सासूकडं पाहिलंच नाही. ती मुरारीसमोर उभी राहिली.

"मी तुमची कोन, सांगा."

मुरारीच्या हातात अडकित्ता होता. तो त्याच्याकडंच बघत राहिला. हैबतींनी एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. आत जानकी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पांढरीफटक.

"सांगा," आवडी पुन्हा म्हणाली. आवाज चढवला नाही.

"बायको," मुरारी म्हणाला. मग ते नीट ऐकू आलं नसेल असं वाटून तो पुन्हा म्हणाला, "माजी बायको हाय ती. जानकीची आय."

आवडी पाहुण्यांकडं वळली. "मला छातीचा कॅन्सर झालता. एक बाजू कापली माजी. लपवायचं व्हतं म्हनून ह्यांनी मला मारली. पोरीचं लगीन करा नायतर करू नका, पन माज्या नावाचं सुतक धरून करू नका. मी जिती हाय."

रंगूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "आता दुखतं का गो?"

त्या घरात कागदाशिवाय हे विचारणारी ती पहिलीच होती. आवडीचा इतका वेळ धरलेला धीर तिथं सुटला. "हाताला कळ येते," ती म्हणाली आणि खांबाचा आधार घेऊन खाली बसली.

हैबतींनी सुपारी न फोडता तबक बाजूला सारलं. ते उठले, पायांत वहाणा घातल्या. मुरारी हात जोडून मागोमाग अंगणात गेला. "रोग लपवला एवढंच ना, पाव्हनं. पोरीसाठी लपवला. कोन करनार व्हतं तिला?"

"रोगाचं मला कळत नाय," हैबती म्हणाले. "देवाच्या मनात आलं तर माजीही बायको आजारी पडंल. पन घरच्या बाईला जिती असून मेली म्हनायचं... तुज्या पोरीनंही मान हलवली नाय. ती आमच्या घरात येऊन आमाला काय म्हनंल?"

माणसं निघून गेली. चंद्राबाईनं कपाळाला हात लावला. जानकी संतापून आईजवळ आली. "तू गप बसली असतीस, तर काय झालं असतं?"

"तर तू हळद लावून घेतली असतीस, नि मी खोपटात बसून वाजप ऐकलं असतं," आवडी म्हणाली. "नि पुढं तुला गाठ आली असती, तर तुलाही तशीच बसवली असती कुनीतरी."

जानकी आत निघून गेली. कितीतरी दिवस ती आईशी बोलली नाही. तिचं ते दुःख खोटं नव्हतं. लग्न मोडलं ते मोडलंच, आणि त्याची झळ त्या पोरीलाच लागली. आईला मेलेली ठरवलं होतं ते मोठ्यांनी.

गीताबाईंनी महाडला जाऊन मुंबईला कागद पाठवले. थोड्या दिवसांनी तिकडून निरोप आला, की कापड्याच्या बाईची दोन्ही वेळची उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. बाई विश्वासाची दिसत नाही, तिला यादीतून काढा. गीताबाई स्वतः मुंबईला गेल्या. डॉक्टरांपुढं उभं राहून त्यांनी सांगितलं, की पहिल्या वेळची उत्तरं आवडीची नाहीत, तिच्या नवऱ्याची आहेत. ती टाकायची असतील तर तशी सगळीच टाकावी लागतील, कारण खेड्यापाड्यांतून आणलेली बहुतेक उत्तरं अशी घरच्यांसमोर घेतलेली आहेत. आणि रोगाचं नाव आपण सांगितलं, हेही त्यांनी लपवलं नाही. डॉक्टर रागावले. गीताबाईंना पुढच्या गावांना पाठवणं काही महिने बंद झालं. पण त्यानंतर जे कागद छापून आले त्यांच्यावर वरच्या बाजूला एक ओळ नवीन होती: आजाऱ्याला तो एकटा असताना भेटावं, उत्तर त्याच्याच तोंडून घ्यावं. त्या ओळीसाठी ज्या बाईनं आपलं घरदार पणाला लावलं, तिचं नाव अर्थातच कुठं नव्हतं.

आवडी मुंबईला गेली. मुरारी तिच्याबरोबर गेला. एस्टीत तो तिच्या शेजारी बसला आणि महाडच्या स्टँडवर त्यानं चहा आणला तेव्हा दोघांसाठी एकाच बशीत ओतला. माफी मागायचे शब्द त्याच्यापाशी नव्हते. तिनंही मागितले नाहीत. मनातली सगळी शंका फिटली होती असंही नाही. गोळीची पुडी तो हातात ठेवी, तेव्हा ती अजून ती उलगडून बघे. भरवसा तुटायला एक दुपार पुरते. तो परत यायला किती काळ लागतो हे तिलाही ठाऊक नव्हतं.

काखेतली गाठ वाईटच निघाली. डॉक्टरांनी पुन्हा शेक सांगितला, नवी औषधं सांगितली, आणि काय होईल ते सांगता येत नाही, असंही सांगितलं. हे सगळं त्यांनी तिला स्वतःला सांगितलं, कारण तिनं तसं बजावलं होतं.

शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी खेडकडची एक तरुण बाई येऊन बसली. गळ्याभोवती स्कार्फ, अंगावर पिवळी साडी, बरोबर भाऊ आणि सासरा. आवडीनं विचारलं, "काय झालंय गो तुला?"

भावानं चटकन डोळ्यांनी गप्प राहायची खूण केली. "काय नाय, घशाला सूज हाय तिच्या," तो म्हणाला.

ती तरुण बाई भावाकडं बघत नव्हती. ती आवडीकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय आहे ते आवडीनं लगेच ओळखलं. संशयानं कुरतडलेला तो चेहरा तिनं स्वतःच्या घरातल्या पाण्याच्या हंड्यात रोज पाहिला होता.

"मला कॅन्सर हाय," आवडी तिला म्हणाली, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "तुला काय हाय ते आत गेलीस की डाक्टरांना तूच इचार. ह्यांना बाहेर बसव."

भाऊ उठून उभा राहिला. सासऱ्यानं तोंड वाकडं केलं. त्या बाईनं भावाजवळच्या पिशवीतून इस्पितळाच्या कागदांची गुंडाळी काढून घेतली आणि ती छातीशी धरून नाव पुकारलं जायची वाट बघू लागली.